दोन मुलं, तीन जागा आणि गुहागर: एक प्रकरण अभ्यास

कुटुंब डोंबिवलीचं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा ११ महिन्यांचा आणि मुलांची आजी, वय ६८, गुडघे दुखरे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोघांची रजा जुळली, तीही सोमवार ते गुरुवार, म्हणजे गर्दी टळणारी. गुहागरचा व्याडेश्वर त्यांचं कुलदैवत. आजींना नातवाला देवाच्या पायावर घालायचं होतं, नातीला वाळूत किल्ला बांधायचा होता. गाव ठरलेलंच होतं. राहायचं कुठे एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्यावरून घरात आठवडाभर घोळ चालला.

माझं माहेर चिपळूणचं. त्यामुळे कोकणात जायचं ठरलं की ओळखीपाळखीतली माणसं आधी मला फोन करतात आणि ‘एखादं छानसं हॉटेल सांग ना’ म्हणतात. बहुतेकांना समुद्र दिसणारी खोली हवी असते. या घरातल्या सूनबाईंनी मात्र वेगळ्या पद्धतीने शोध घेतला, म्हणून त्यांच्या परवानगीने, नावं गाळून, हे सगळं लिहितेय.

यादीतल्या जागा

शोधून शोधून तीन जागा उरल्या. पहिली, गावाबाहेरचं समुद्राला लागून असलेलं रिसॉर्ट. दुमजली, हिरवळ, स्विमिंग पूल. दोघांना रात्रीचे ५,२०० रुपये, नाश्ता धरून. आजींच्या गादीचे १,००० वेगळे. तळमजल्यावरच्या खोल्या आधीच गेल्या होत्या, वरच्या शिल्लक होत्या. नवऱ्याचा कौल इकडे. त्याचं म्हणणंही चूक नव्हतं: वर्षभरात एकदा बाहेर पडायचं, तर डोळे उघडल्यावर समुद्र दिसायला नको का?

दुसरी, एसटी स्टँडजवळचा लॉज. एसी खोली १,८०० रुपये, जेवण बाहेर. दर्शनाला जवळ, खिशाला हलका. आजींचा कौल इकडे, आणि तोही पैशांपायीच.

तिसरी, खालच्या पाटातलं (पाट म्हणजे गावाचा एक भाग) एक घर. ज्यांनी गुहागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांब रस्ता. त्याच्या दुतर्फा घरं, आणि पश्चिमेच्या घरांच्या मागे नारळ-पोफळीच्या वाड्या थेट सुरूच्या बनापर्यंत गेलेल्या. बन ओलांडलं की वाळू. यातल्या कितीतरी घरांवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी असते. या घरात मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढलेल्या होत्या. दर खोलीवर नसून माणशी: राहणं, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता मिळून १,३००. मुलीचे निम्मे, बाळाचे काही नाहीत. म्हणजे दिवसाला ४,५५०. रिसॉर्टमध्ये तिघा मोठ्यांच्या दोन वेळच्या थाळ्या धरल्या, तर तोच आकडा आठ हजारांच्या पुढे जात होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘पाच वर्षांखालील मुलांना मोफत’ असं हॉटेलवाले लिहितात, तेव्हा सहसा त्याचा अर्थ मूल तुमच्याच गादीवर झोपलं तर मोफत, एवढाच असतो. वेगळी गादी, वेगळं ताट आलं की हिशोब सुरू होतो. बुकिंगच्या आधी हे फोनवर विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. आयत्या वेळी काउंटरवर मुलाला कडेवर घेऊन वाद घालण्यात काही मजा नाही.

बाळाचं वेळापत्रक

सूनबाईंनी जागांचे फोटो बाजूला ठेवले आणि एका कागदावर बाळाचा दिवस लिहिला. पहाटे साडेपाचला उठतं. दहाच्या सुमारास अर्धा-पाऊण तास झोप. दुपारी एक ते तीन झोप. संध्याकाळी साडेसातला जे गाढ, ते रात्री एकदा दुधाला उठतं तेवढंच. बेरीज केली तर चोवीसातले जवळपास तेरा तास बाळ झोपलेलं, आणि तेवढे तास घरातल्या कुणाला तरी त्याच्यापाशी राहणं भाग. उरलेल्यातले अकरा ते चार उन्हाचे. जानेवारी असला तरी दुपारी कोकणातली वाळू तापते. म्हणजे किनाऱ्यावर जायला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी फार तर दीड. साडेतीन तासांच्या समुद्रासाठी साडेवीस तासांची गैरसोय घ्यायची का, हा खरा सवाल होता.

त्यांनी मला विचारलेला पुढचा प्रश्न मात्र मलाही आधी सुचला नव्हता. “बाळ साडेसातला झोपलं की आम्ही चौघांनी बसायचं कुठे?”

लॉजच्या खोलीत याला उत्तर नव्हतं. दिवा मालवून, कुजबुजत, मोबाईलच्या उजेडात बसायचं. मुलगी साडेचार वर्षांची, ती काय कुजबुजणार! रिसॉर्टला बाल्कनी होती, तिच्याविषयी पुढे लिहिते. खालच्या पाटातल्या घराला पडवी होती. खोलीच्या दाराला लागून, वर कौलं, खाली कोबा, एका टोकाला झोपाळा. दार लोटून घेतलं की आत बाळ झोपलेलं आणि दोन पावलांवर मोठ्यांच्या गप्पा, पत्ते, चहा. लहान मूल बरोबर असलेल्यांनी खोलीच्या आतल्या गोष्टी जितक्या बारकाईने पाहाव्यात तितकीच ही दाराबाहेरची जागा पाहावी, असं माझं आता ठाम मत झालंय. कुठल्याही जाहिरातीत हिचा उल्लेख नसतो.

फोनवर

रिसॉर्टच्या मॅनेजरशी बोलणं झालं. माणूस सभ्य होता. “मॅडम, लहान मुलांसाठी आपल्याकडे सगळी सोय आहे.” सोय म्हणजे काय, हे विचारलं तेव्हा झोपाळा, घसरगुंडी आणि ‘किड्स पूल’ इतकं कळलं.

“बाल्कनीच्या कठड्याला सळ्या उभ्या आहेत की आडव्या?”

तिकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी फोटो पाठवला. आडव्या होत्या, स्टीलच्या चकचकीत नळ्या, एकीवर एक चार. आडवी नळी म्हणजे मुलासाठी शिडीच. उभ्या सळ्या असत्या तरी दोन सळ्यांमधलं अंतर दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कारण तेवढ्या फटीतून रांगत्या मुलाचं अंग निसटू शकतं. साडेचार वर्षांची पोर असल्या कठड्यावर दोन मिनिटांत चढते. शिवाय प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बाल्कनीत होत्याच.

पूलचं उत्तर आणखी बोलकं होतं. मोठा पूल साडेचार फूट, ‘फॅमिली’ भाग साडेतीन फूट, बाळांचा वेगळा छोटा हौद दुरुस्तीसाठी बंद. सूनबाईंनी लेकीला भिंतीला उभं करून मोजलं: तीन फूट पाच इंच. म्हणजे ‘फॅमिली’ भागात तळाला पाय टेकून उभी राहिली तरी पाणी डोक्यावरून. पूलला कुंपण नाही आणि जेवणाच्या जागेकडे जायची वाट त्याच्या काठानेच. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हातवारे करत ओरडत नाही, गप्पकन खाली जातं. एकाच्या हातात बाळ, दुसऱ्याच्या हातात ताट आणि आजींचं लक्ष पायरीकडे असताना तिसरीकडे कोण बघणार? जीवरक्षक नव्हता. तसा लहान रिसॉर्टांत तो क्वचितच असतो.

खालच्या पाटातल्या काकूंशी झालेलं बोलणं असं:

“काकू, बाळ रांगतं. खोलीत पलंग आहे की गाद्या?”

“पलंग आहे. काढून ठेवू का? आमची नातवंडं आली की आम्हीसुद्धा खालीच घालतो गाद्या.”

“आवारात विहीर आहे?”

“आहे तर! विहिरीवाचून वाडी कशी व्हायची? पण वर लोखंडी जाळी बसवलीय. रहाट काढला कधीच, पंप आहे.”

“गरम पाणी?”

“पहाटे बंब पेटवतो. किती वाजता हवं ते सांगा म्हणजे झालं.”

“बाळाला दुपारी बाराला भरवावं लागतं.”

“गुरगुट्या भात टाकते की साडेअकराला. मेतकूट खातो का?”

या पाच-सहा वाक्यांत मला दोन गोष्टी दिसल्या. या घरात लहान मुलं येऊन-जाऊन असतात, म्हणून जाळी आधीच बसलेली आहे. आणि चूल काकूंच्या हातात आहे, म्हणून जेवणाची वेळ बाळाकडे बघून ठरू शकते. रिसॉर्टचं स्वयंपाकघर साडेबाराला उघडणार होतं, खिचडीची ऑर्डर पाऊण तास आधी द्यायची होती. रांगत्या मुलाच्या भुकेला पाऊण तास म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत.

मग सूनबाईंनी एक युक्ती केली, ती सगळ्यांनी उचलण्यासारखी आहे. फोटो मागवण्याऐवजी त्यांनी काकूंच्या मुलाला सांगितलं, “दादा, फाटकापासून चालत या आणि आमच्या गादीपर्यंत न थांबता एक व्हिडिओ काढून पाठवा.” फोटोतली खोली नेहमी प्रशस्त दिसते आणि पायरी कधीच दिसत नाही. चालत काढलेल्या व्हिडिओत लपवायला जागा नसते.

व्हिडिओत दिसलं ते

मिनिटभराचा व्हिडिओ. फाटक, जांभ्याच्या दोन पायऱ्या, सारवलेलं खळं, डावीकडे विहीर, उजवीकडे बंब, मग पडवी, मग खोली. शेवटी न्हाणीघरात उतरायला एक ओली पायरी.

आणि खळ्यात पसरलेली सुपारी.

गुहागरच्या वाड्यांतून थंडीच्या दिवसांत सुपारी उतरवतात आणि सालासकट उन्हात वाळत घालतात. सालासकटची सुपारी अंड्याएवढी असते, ती बाळाच्या घशात जायची नाही. पण वाळलेली सुपारी सोलायला बसलं की एखादी घरंगळून कोपऱ्यात जाते, सोललेल्या सुपारीचं खांड पडवीच्या फटीत अडकून राहतं. ११ महिन्यांचं मूल जमिनीवरची मुंगीसुद्धा चिमटीत धरून तोंडात घालतं. सुपारीचा गोल, कडक दाणा श्वासनलिकेत अडकायला अगदी बेताचा असतो. नाही अडकला आणि चघळला गेला, तर सुपारी लागते हे वेगळंच: मोठ्या माणसालाही घाम फुटतो, गरगरतं. लहान मुलांसाठी खोली कशी तपासावी याच्या याद्यांमध्ये प्लगचे सॉकेट असतात, टेबलाचे कोपरे असतात. सुपारी कुठे असणार?

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “खरंय हो. आमचं लक्षच जात नाही, जन्म गेला यात.” सुपारी सोलायची जागा वाडीच्या मागच्या खोपीकडे हलली आणि पाहुणे येण्याआधी पडवी दोनदा झाडून घेतली गेली.

दुसरा विषय विंचवाचा. लोक तो काढत नाहीत, काढला तर कुजबुजत काढतात. कोकणात जांभ्याचे गडगे, झावळ्यांचे ढीग, लाकूडफाटा हे सगळं घरालगत असतं, आणि विंचू आणि फुरशाला (छोटा विषारी साप) तीच जागा आवडते. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना फार धोक्याचा. मोठ्यांपेक्षा मुलांच्या हृदयावर त्याचा ताण लवकर येतो. पूर्वी यात मुलं सर्रास दगावायची. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, वेळेत पोचलं पाहिजे, इतकं ध्यानात ठेवलं की घाबरून कोकणच टाळायचं कारण उरत नाही.

जागा निवडताना यातून काय घ्यायचं? खोलीच्या भिंतीला लागून लाकडं किंवा झावळ्या रचलेल्या आहेत का ते विचारायचं. खाली गाद्या घालणार तर मच्छरदाणी हवीच, आणि तिच्या कडा गादीखाली खोचायच्या. कौलारू घरात मच्छरदाणी दुहेरी काम करते: डासही अडवते आणि वरून पडणारं काहीबाहीही. सकाळी चपला-बूट झटकून घालायचे, बाळाचे कपडे दोरीवरून काढले की झटकायचे. काकूंच्या घराची पाखाडीकडची, म्हणजे दगडी पायवाटेकडची, भिंत मोकळी होती, लाकूडफाटा खोपीत होता. मच्छरदाण्या होत्या, फक्त एकीला भोक होतं. ते व्हिडिओत दिसलं म्हणून सुई-दोरा डोंबिवलीहून गेला.

बंबाचा प्रश्न साधा होता. पितळी, उंचीला बाळाच्या डोक्याबरोबर, पहाटे तापलेला. बाळ साडेपाचला उठणार आणि बंब साडेपाचलाच पेटणार. यावर तोडगा असा निघाला की बंबासमोर बाकडं आडवं टाकायचं आणि बाळ तेवढा वेळ आजींच्या मांडीवर.

डॉक्टर किती लांब

गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे. बालरोगतज्ज्ञ, रात्री-अपरात्री दाखल करायची वेळ, असं काही आलं तर चिपळूण गाठावं लागतं. अंतर साधारण ४५ किलोमीटर, रस्ता वळणाचा, रात्री सव्वा तास धरावा. चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे.

हे कुटुंब रेल्वेने चिपळूणपर्यंत आणि तिथून भाड्याच्या गाडीने जाणार होतं. मुक्कामाला स्वतःची गाडी नाही. मग प्रश्न उरतो: रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल? १०८ची रुग्णवाहिका आहे, पण तिच्याच भरवशावर राहू नये. हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला गेला. लॉजवाला म्हणाला, स्टँडवर रिक्षा असतात. रिसॉर्ट म्हणालं, व्यवस्था करू. काकूंच्या मुलाने शेजारच्या गाडीवाल्याचा नंबरच पाठवला आणि त्याच्याशी बोलणंही करून दिलं. मला या तीन उत्तरांत तीन जागांचा स्वभाव दिसला.

ठरलं

तिसरी जागा ठरली. नवरा नाराज होता, आणि मला त्याची बाजू थोडी मांडायची आहे. खोली लहान होती. एसी नव्हता. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. न्हाणीघर आधुनिक असलं तरी कमोडशेजारी धरायला दांडी नव्हती, ती आजींची अडचण. इनव्हर्टरवर दोन पंखे आणि दोन दिवे, बाकी काही नाही. रजेच्या दिवसांत माणसाला थोडी चैन हवी असते, आणि ती इथे नव्हती. शेवटी तोडगा निघाला तो असा: मुक्काम काकूंकडे आणि एका संध्याकाळी फक्त नवरा-बायकोने रिसॉर्टच्या उपाहारगृहात जेवून यायचं, मुलं आजींपाशी.

प्रत्यक्षात

पहिला दिवस सुरळीत गेला. दुपारी दोनच्या सुमारास पोचले. चेक-इन, चेक-आऊट असली भानगड नसल्याने बाळ थेट गादीवर.

किनाऱ्याच्या वेळा काकूंच्या यजमानांनी लावून दिल्या. त्यांचा हिशोब जुना: तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हे लोक गेले तेव्हा शुद्ध नवमी-दशमी होती. संध्याकाळी किनाऱ्यावर जावं तर पाणी चढतं, वाळूचा पट्टा कमी होत जातो. सकाळी नऊनंतर पाणी मागे हटतं आणि ओली, कडक वाळू मोकळी होते. म्हणून मुलीचे किल्ले सकाळी, आणि संध्याकाळ वाडीत. त्या दिवसांत भांगाचं पाणी, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असल्याने चढउतारही बेताचा होता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ओहोटी मिळते आणि किनारा लांबरुंद होतो. मुलांना वाळूत खेळायला संध्याकाळ हवी असेल तर ते दिवस बरे. रजा हातात असेल तर पंचांग बघून बुकिंग करायला हरकत नाही. नियम मात्र एकच होता: मुलीचे घोटे भिजतील एवढंच पाणी आणि बापाचा हात तिच्या दंडाला.

दुसऱ्या रात्री बाळाला दोनदा पातळ शी झाली. ताप नव्हता, दूध पीत होतं. सूनबाईंकडे ओआरएसची पाकिटं होती. पाकीट ज्या मापाचं, तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं विरघळवायचं असतं, चिमूट-चिमूट नाही. एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटरच. रात्री अकराला काकूंनी पाणी उकळून दिलं. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं म्हणून ते झालं. सकाळपर्यंत बाळ ठीक होतं, गाडीवाल्याला उठवावं लागलं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध म्हणून गाई-म्हशीचं देऊ नका असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, त्यामुळे दारात येणाऱ्या धारोष्ण दुधाचा मोह आजींना आवरावा लागला. त्यावरून थोडी धुसफूस झाली.

त्याच रात्री लाईट गेली. पंखा इनव्हर्टरवर फिरत राहिला. जुन्या गावातल्या पडवीत अंधार म्हणजे काय ते मुलीने पहिल्यांदा पाहिलं आणि ती घाबरण्याऐवजी झोपाळ्यावर बसून भुतांची नावं विचारत बसली.

तक्रारीही होत्या. संध्याकाळी वाडीला पाणी सोडलं की डासांचा थवा यायचा, सात ते आठ पडवीत बसणं मुश्कील. न्हाणीघराच्या ओल्या पायरीवर आजींचा पाय एकदा घसरला. लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिथे सुंभाचं पायपुसणं टाकलं गेलं. आणि मुलीला कुणीतरी रिसॉर्टच्या पूलविषयी सांगितलं होतं, त्यामुळे एक अख्खी सकाळ रडारड.

एक गोष्ट मात्र लिहिण्यासारखी आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपलेलं, नवरा-बायको पडवीत. काकू खळ्यात मुलीला पोफळीच्या विरीवर बसवून ओढत होत्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा रुंद बूड. पोर त्यावर बसतं, मोठं माणूस शेंड्याला धरून ओढतं. सारवलेल्या जमिनीवरून ती सर्रकन जाते. मुलगी ओरडत होती, काकूंना धाप लागली होती, तरी थांबत नव्हत्या. रिसॉर्टच्या घसरगुंडीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

रिसॉर्ट कुणासाठी

हे वाचून सरसकट घरगुती निवासच निवडावं असं कुणी समजू नये. मुलं सात-आठ वर्षांची, पोहता येणारी, घरात रात्री दहापर्यंत जागणारी असतील, तर मी तेच रिसॉर्ट सुचवीन. गाडी स्वतःची असेल तर आणखी बरं. तीन कुटुंबं एकत्र जाणार असतील, तर काकूंच्या दोन खोल्या पुरणारच नाहीत. घरगुती निवासातही हजार तऱ्हा असतात. विहिरीला जाळी नाही, ‘आमची पोरं नाही पडली कधी’ असं उत्तर येतं, तिथे मी जाऊ नका म्हणते. उलट तळमजल्याची खोली, उभ्या सळ्यांचा कठडा आणि कुलूप लागणारं पूलचं फाटक असलेलं रिसॉर्ट मिळालं, तर तान्ह्या मुलालाही ते चालेल. लॉजविषयी मात्र मत बदललेलं नाही. एका रात्रीपुरता ठीक, तीन रात्रींना नाही.

ऑनलाइन अभिप्राय वाचणार असाल तर पंचतारांकित कौतुक आणि एकतारांकित शिव्या दोन्ही सोडून द्या. मधले, तीन ताऱ्यांचे वाचा, आणि त्यांत ‘डास’, ‘लाईट’, ‘पायऱ्या’, ‘गरम पाणी’ हे शब्द शोधा. कोणत्या महिन्यातला अभिप्राय आहे तेही बघा. मे महिन्यातली खोली आणि जानेवारीतली खोली या दोन वेगळ्या खोल्या असतात.

याच कुटुंबाने आता मे महिन्यात पुन्हा जायचं काढलंय, आंब्यासाठी. काकूंकडेच, असं मुलीने परस्पर ठरवून टाकलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. मेमध्ये मुलगा १५ महिन्यांचा असेल, रांगण्याऐवजी धावणारा, आणि फाटकाची कडी त्याच्या हाताला येईल इतक्या खाली आहे. पलीकडे थेट रस्ता. मेच्या उकाड्यात एसीवाचून दुपारची झोप होणार नाही, आणि त्या दिवसांत तिथे व्होल्टेज इतकं पडतं की एसी बसवला तरी स्टॅबिलायझर लागेल. काकूंच्या मुलाला दोन्ही विचारलंय. कडी वर बसवायला तो लगेच तयार झाला. एसीचं म्हणाला, “ताई, बघतो, पण यंदा जमेल असं वाटत नाही.” तेव्हा तळमजल्याच्या खोलीसाठी रिसॉर्टलाही फोन लावून ठेवलाय.